मेंदूत दोष आढळला नाही

प्रीतमने पास केलेला पार्ट परत येत नाही, हे चाकणच्या त्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रेकचे सुटे भाग बनवणारी कंपनी आणि हा तिथला क्वालिटी इन्स्पेक्टर. मापाचं गेज लावायचं, नीट बसलं तर पार्ट पास, नाही तर लाल पेटीत. बाकीचे एकदा बघायचे तिथे हा चारदा बघायचा, म्हणून साहेबांनी दोन वर्षं लागोपाठ त्याला शाल-श्रीफळ दिलं. रोगाचा असा जाहीर सत्कार झाल्यावर त्याला रोग म्हणायचं धाडस कोण करणार?

चाराचे चौदा कधी झाले ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मग ते घरापर्यंत आलं. सकाळच्या शिफ्टची बस काळेवाडी फाट्यावर यायची आणि हा रहाटणीच्या घरात गॅसच्या शेगडीपुढे उभा. बटण बंद आहे हे डोळ्यांना दिसायचं, हाताला लागायचं, पण आत कुठेतरी पटायचं नाही. "बंद आहे ना?" असं तो बायकोला, तेजलला, विचारायचा. ती हो म्हणाली की दोन मिनिटं सुटका, मग पुन्हा तेच. बस निघून जायची. आपण मूर्खपणा करतोय हे त्याला पक्कं कळत होतं आणि सगळ्यात वाईट तेच होतं. कळून उपयोग नाही असं कळणं फार छळतं.

"ज्यादा इचार करतोय, दुसरं काय न्हाई," आई शालनबाई म्हणायची. थोरला भाऊ जयदीप प्लॉटिंगच्या धंद्यातला. दिवसाला दहा माणसं गुंडाळायची सवय, तिथे धाकट्या भावाचं काय घेऊन बसलात? "सगळे मनाचे चोचले आहेत राव," एवढं बोलून तो गाडीची चावी फिरवत निघून जायचा.

शेवटी तेजलनेच त्याला मानसोपचाराच्या डॉक्टर विजयश्रींकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि एक सरावही. बटण एकदाच बंद करायचं आणि निघायचं, आणि प्रीतमने विचारलं तरी तेजलने उत्तर द्यायचं नाही. पहिल्या आठवड्यात तो तिच्यावर खेकसला, एकदा तिच्यापुढे रडला. ती ओठ आवळून कणीक मळत राहिली. तीन महिन्यांत चौदाचे पाच झाले. पाच म्हणजे बस मिळण्याइतके कमी.

त्याच सुमारास डॉक्टरांनी त्याला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. एका मोठ्या हॉस्पिटलात अशा आजाराच्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन घेत होते. प्रीतमने लगेच होकार दिला. विज्ञानासाठी वगैरे काही नाही. त्याला घरच्यांच्या तोंडावर मारायला एक कागद हवा होता. बिघाड कुठे आहे ते मशीन दाखवील, मग जयदीपदादा काय बोलेल?

मशीनमध्ये डोक्यावर जाळीचा पिंजरा बसवला, कानात बोळे घातले. नळीत सरकवल्यावर नाकापासून वीतभर अंतरावर छत. समोरच्या आरशात चित्रं दिसायला लागली. साधी कपबशी, झाड, मग गॅसची शेगडी, मग अर्धवट लागलेलं कुलूप. शेगडी दिसली की छातीत धडधड व्हायची. हलायचं नव्हतं, उठून बघायचंही नव्हतं. चाळीस मिनिटं तो तसाच पडून राहिला. आयुष्यभर आपण असेच तर आहोत, असं त्याच्या मनात आलं आणि डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं. ते पुसायचीही सोय नव्हती.

आठवड्याने डॉक्टरांनी पाकीट दिलं. आतल्या कागदावर लिहिलं होतं, मेंदूत कोणताही दोष आढळला नाही.

"म्हणजे मला काही झालेलंच नाही?"

"हा कागद गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढंच सांगतो. काही चुकलं तर सूचना देणारी एक जोडणी आपल्या मेंदूत असते. बटण उघडं राहिलं की ती ओरडते, बंद केलं की गप्प होते. तुमच्यात ती गप्प होत नाही, असं आम्हाला वाटतं. पण हा फरक शंभर जणांचे स्कॅन एकत्र मांडल्यावर दिसतो. एकट्याच्या फोटोवर बोट ठेवून दाखवण्याइतकं शास्त्र अजून पुढे गेलेलं नाही."

"मग घरी काय दाखवू?"

डॉक्टरांनी कागद परत पाकिटात घातला. "काहीच दाखवू नका. उपचार चालू ठेवा. आता सोडलेत तर सगळं परत येईल. येत्या सोमवारी या."

गेजमध्ये नीट बसणारा पार्ट गाडीत गेल्यावर आवाज करतो, हे प्रीतमला वेगळं सांगायला नको होतं. पण ते घरी कोणाला सांगणार? घरी पोचल्या पोचल्या जयदीपने पाकीट त्याच्या हातातून काढूनही घेतलं. त्याने कागद वाचला आणि चेहरा उजळला.

"आई, पेढे आण. आपल्या प्रीतमचा मेंदू एकदम क्लीअर आहे."

शालनबाईंनी खरंच पेढे आणवले. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खोटं नव्हतं, म्हणून तर प्रीतमला काही बोलता येईना.

आनंदाला दुसरंही कारण होतं. धाकट्या बहिणीची, मोनिकाची, सोयरीक खेडकडच्या एका घरात जुळत आली होती. स्थळ चांगलं होतं. अडलं होतं एका गोष्टीवर. मुलाच्या चुलत्याच्या, अर्जुनरावांच्या कानावर कोणीतरी घातलं होतं की या घरातला एक भाऊ वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो. सोयरीक करताना आपल्याकडे सात पिढ्या खणून काढतात, मेंदू तर काय, वरच्यावरच असतो. जयदीपने त्या कागदाचा फोटो काढून थेट अर्जुनरावांना व्हॉट्सॲपवर पाठवला. प्रीतमला विचारलंही नाही.

रविवारी सकाळी पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. त्याआधी मोनिका स्वयंपाकघरात आली. तिने नवी साडी नेसली होती.

"प्रीतमदादा, तुला विचारलं तर खरं सांग. मोडलं तर मोडलं. मला चालेल."

"तुला खरंच चालेल?"

"हो," ती म्हणाली. पण साडीचा पदर बोटाला गुंडाळायचं थांबली नाही. तिला तो मुलगा आवडलाय हे अख्ख्या घराला माहीत होतं.

बैठकीत चहा झाला. ताटात सुपारी, कुंकू, हळद मांडली होती. अर्जुनरावांनी सुपारी हातात घेतली आणि ठेवून दिली.

"कागद बगितला आमी. ब्येस हाय. तरी एक इचारतो, पाव्हणं, राग मानू नका." ते प्रीतमकडे वळले. "काय गोळ्या-बिळ्या चालू हायेत का?"

जयदीप छताकडे बघत होता. आईने पदर तोंडाशी धरला. दारात तेजल उभी होती. ती प्रीतमकडे एकटक बघत होती, आणि तिला काय हवंय हे त्याला स्पष्ट दिसत होतं. सकाळची गोळी घेऊन दोन तासही झाले नव्हते. खरं बोललो तर बहिणीचं मोडतं, खोटं बोललो तर उद्यापासून डॉक्टरांकडे लपूनसुद्धा जाता यायचं नाही, कारण हीच माणसं आता गावभर चौकशी करणार. त्याला वाटलं, पुन्हा त्या नळीत घातलंय आपल्याला.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

"मंग झालं की." अर्जुनरावांनी सुपारी फोडली. सगळ्यांना तुकडे वाटले, प्रीतमच्या तोंडात तर जयदीपने स्वतः घातला. तेजल आत निघून गेली.

सोमवारी जेवणाच्या सुटीत प्रीतमने कंपनीच्या गेटजवळ उभं राहून दवाखान्यात फोन लावला आणि संध्याकाळची वेळ रद्द करायला सांगितली. रिसेप्शनवरच्या मुलीने कारण विचारलं.

"बरं वाटतंय आता."

"ठीक आहे सर, रद्द केली."

त्याने फोन खिशात ठेवला आणि लगेच बाहेर काढला. वेळ नक्की रद्द झाली का? ती चुकून तशीच राहिली आणि दवाखान्यातून घरच्या नंबरवर फोन गेला तर? त्याने पुन्हा लावला. झाली म्हणाली. कामाच्या शेडच्या दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा लावला. सुटी संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा तो नवव्यांदा बोलत होता.

"सर," ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मी तुमची सहाची वेळ ठेवते ना. या तुम्ही."

"नको, नको. रद्दच राहू दे," प्रीतम म्हणाला. "फक्त झालीय ना, तेवढं एकदा सांगा."