तक्रार नसलेला पेशंट

"दत्तोबा, खरं सांगा, माझ्याबद्दल काहीच तक्रार नाही?" डॉक्टर रमाकांतांनी पुन्हा विचारलं.

"न्हाय ओ! कितींदा इचारताय?" बावड्याचे दत्तोबा हसले. डॉक्टर दवाखाना बंद करताहेत असं कळताच ते आणि लीलाबाई पेढे घेऊन एसटीनं बारामतीला आले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात ज्याचा उजवा डोळा कायमचा गेला, त्या माणसानं पेढे आणावेत! डॉक्टरांना खुर्चीत बसवेना. ते ऑपरेशन करताना त्यांचाच हात थरथरला होता, आणि हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

अशा चुकांसाठी त्यांचा विमा होता. पण त्याची तऱ्हाच निराळी. चूक कधीही होवो, पेशंट भरपाई मागेल त्या दिवशी पॉलिसी चालू हवी. ती आज संपत होती, आणि डॉक्टरांचं वय बघून कंपनी पुढची द्यायला तयार नव्हती. सकाळीच एजंट मोहितनं फोनवर बजावलं होतं, "सर, कुणा पेशंटनं आज लेखी भरपाई मागितली तर कंपनी बघेल. उद्या मागितली तर तुमचं तुम्ही. आणि आपण होऊन कबुली देऊ नका हं, कंपनी हात वर करेल."

म्हणजे मागायचं दत्तोबांनी आणि डॉक्टरांनी तोंड शिवून वाट बघायची. काय पण पंचाईत!

"लोक अशा वेळी भरपाई मागतात," डॉक्टर चाचरत म्हणाले. "साधा अर्ज द्यायचा. पैसे कंपनी देते."

"तुमच्यावर अर्ज?" लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला. "आवं, माज्या सासूला तुमी दिसतं केलं. गावात त्वांड कसं दावायचं आमी?"

"माजं नशीबच तेवढं," दत्तोबा म्हणाले. "तुमी कशाला जिवाला लावून घेताय?"

आता मात्र डॉक्टरांना ऐकवेना. खड्ड्यात गेली ती पॉलिसी!

"नशीब नाही, दत्तोबा. माझा हात थरथरला. चूक माझी होती."

लीलाबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. दत्तोबा आता शिव्या देतील, उठून जातील, निदान रडतील तरी, असं डॉक्टरांना वाटलं. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं.

"असं कोण सांगतंय हो आजकाल?" दत्तोबांनी हात जोडले. "आता तर भरवसाच बसला. डॉक्टर, डावाबी धूसर झालाय. दवाखाना बंद करायच्या आदी तेवढा करून द्या. दुसरीकडं न्हाय जायाचं आमाला."

"अहो, पण मी आत्ता काय सांगितलं..."

दत्तोबांनी मान मागं टाकली आणि बोटांनी पापण्या ताणून डावा डोळा त्यांच्यापुढं धरला.