नाक परत आलं

स्तामेंकाने सिगारेट सोडली ती दातांपायी. वरचे पुढचे चार दात हिरडीत हलायला लागले होते, आणि शाबाच शहरातल्या दंतवैद्याने नवे बसवायचे एक लाख चाळीस हजार दिनार सांगितले. दिवसाला दीड पाकीट ओढायची सवय. म्हणजे आठवड्याला साडेचार हजार धुरात. जानेवारीत, नाताळचे पाहुणे गेल्यावर, तिने उरलेलं पाकीट नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "रातोमिर, हे तुला. यापुढे बाल्कनीत ओढायचं."

"आणि तू?"

"मी दात घेणार आहे."

रातोमिर हसला नाही. निवृत्त ट्रकवाला माणूस, त्याने बायकोची जिद्द बत्तीस वर्षं पाहिली होती. तो खुर्ची उचलून बाल्कनीत गेला.

पहिले पंधरा दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. सूर्यफुलाच्या बिया चावून चावून ओठ सोलवटले. शनिवार आला की पोस्टात जायचं आणि साडेचार हजार खात्यावर टाकायचे, एवढ्या एका गोष्टीवर ती तग धरून होती. आणि मग, तिसऱ्या आठवड्यात, नाक परत आलं.

आधी कळलंच नाही की हे काय आहे. सकाळी डोक्याला रुमाल बांधताना कुठूनतरी ओल्या राखेसारखी, कुजकट घाण आली. रुमाल धुतलेला होता. तिने तो नाकाशी धरला आणि लांब फेकला. मग कपाटातला कोट हुंगला, मग उशी, मग पडदे. पडदे टबात भिजवले तर पाणी चहासारखं तपकिरी झालं, दुसऱ्या पाण्यातही तेच. तिला शिसारी आली. यात आपण झोपत होतो, यात पाहुण्यांना बसवून केक खाऊ घालत होतो. त्या रात्री रातोमिर जवळ सरकला तेव्हा त्याच्या मिशीच्या वासाने तिने तोंड भिंतीकडे केलं.

"माझ्या मिशीला काय झालं?" त्याने विचारलं.

"जे तीस वर्षं झालंय तेच."

कामावर मात्र आणखी वेगळं वाढून ठेवलेलं होतं. स्तामेंका सावा नदीकाठच्या एका भटारखान्यात बावीस वर्षं स्वयंपाकीण होती. तिथून दोन कारखाने आणि एक गोदाम मिळून दोनशे माणसांचं दुपारचं जेवण जायचं. मालक स्लावोल्युब, सगळे त्याला 'गझदा' म्हणत, म्हणजे शेठ. सीमेपलीकडून आलेली, कराचा शिक्का नसलेली सिगारेटची पाकिटं तोच बायकांना बाजारापेक्षा तीस दिनार स्वस्त विकायचा आणि पगारातून कापून घ्यायचा. फेब्रुवारीत पहिल्यांदाच स्तामेंकाच्या हाती पुरा पगार पडला, तेव्हा त्याने पगाराचं पाकीट पुढे करताना म्हटलं होतं, "काय गं, संन्यास घेतलास?"

तिच्याबरोबर झोर्का असायची. चाळिशीतली, दोन मुलींची आई, तोंडाने फटकळ, हाताने चपळ. झोर्काच्या ओठांच्या कोपऱ्यात सिगारेट कायम चिकटलेली. एकदा मांसाच्या गुलाशचं मोठं पातेलं ढवळताना त्या सिगारेटची बोटभर राख गळून रश्श्यात पडली. झोर्काने डावाने ती आत घुसळली आणि पुढचं बोलत राहिली.

"झोर्का, राख पडली."

"मग? काळी मिरी समज."

"तू काढून तरी टाकायचीस."

"अगं बाई, तुझी किती पडली असेल बावीस वर्षांत? कधी काढलीस?" झोर्का डोळे मिचकावत म्हणाली. "आता तुझं नाक महाराणीचं झालंय, आमचं कामगारांचंच आहे."

खरंच कधी काढली नव्हती. स्तामेंकाला ते आठवलं आणि तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

यानंतर तिला भटारखान्याची एकेक जागा नाकाने कळू लागली. चरबीच्या डब्याचं झाकण उघडलं की जुन्या मेणबत्तीसारखा खवट वास. पोछ्याची बादली. झोर्काचे केस. थंड खोलीच्या दारातून येणारा एक गोडसर, चिकट वास मात्र तिला ओळखता येईना, आणि तोच तिला सर्वांत असह्य व्हायचा. ती समजूत घालायची की नाक नवं आहे, सरावेल. आपलीच फार थेरं झालीत.

जून संपता संपता उकाडा वाढला. एका सोमवारी सकाळी तिने थंड खोली उघडली आणि जागच्या जागी नाक दाबलं. चाळीस किलो डुकराचे खांदे आले होते. वरून पाहिलं तर लालसर, चकचकीत. व्हिनेगरने धुऊन पुसलेले. तिने एक तुकडा उलटा केला. हाडाजवळ हिरवट झाक होती, आणि बोट लावलं तर बोटाबरोबर तार निघाली. तो गोडसर वास हाच होता. आज तो इतका दाट होता की जिभेवर बसला.

"झोर्का, इकडे ये. हुंग."

झोर्काने सिगारेट हातात घेऊन वाकून हुंगलं. "व्हिनेगर," ती म्हणाली.

"त्याच्या खाली?"

"काही नाही. खरंच सांगते, मला काही येत नाही."

ती खोटं बोलत नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. स्तामेंकाच्या ध्यानात आलं. म्हणजे आपल्यालाही येत नव्हतं. व्हिनेगर लाव, लसूण ठेच, लाल पूड मूठभर जास्त घाल, असं गझदा सांगायचा आणि आपण तसं करत होतो. वर उरलेलं डब्यात भरून घरी न्यायचो. रातोमिर पावाने डबा पुसून खायचा.

ती गझदाच्या खोलीत गेली. स्लावोल्युब कॉफी पीत होता.

"मांस कुजलंय, गझदा."

"कुजलेलं नाही, मुरलेलं आहे."

"हाडाशी हिरवं आहे. हे मी शिजवणार नाही."

"इतकी वर्षं शिजवलंस ना? कोण मेलं?" त्याने शांतपणे विचारलं. "पोटं बिघडली असतील चारदोघांची, ती बिअरनेही बिघडतात. बस जरा."

ती बसली नाही. त्याने खण उघडून सिगारेटचं एक अख्खं खोकं काढलं, दहा पाकिटांचं, आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवलं.

"हे घे. पैसे नकोत. दर महिन्याला एक देईन. सिगारेट सोडली की माणूस चिडचिडा होतो, नाही नाही ते वास येतात. माझ्या मेव्हण्यालाही यायचे. दोन ओढ, डोकं शांत होईल, मग कांदा परतायला घे."

स्तामेंका त्या खोक्याकडे पाहत राहिली. बावीस वर्षांत या माणसाने ईस्टरला एक रंगवलेलं अंडं फुकट दिलं नव्हतं. एकेका पाकिटाचे पैसे पगारातून मोजून घेतले होते. तिला त्याची किळस आली, त्याच्या कपावर उमटलेल्या ओठाच्या डागाची, खोक्यावर ठेवलेल्या त्या गुबगुबीत बोटांची. आणि आपण इतकी वर्षं त्याच्याकडून धूरही विकत घेतला आणि त्याचं मांसही झाकलं, याची सगळ्यात जास्त.

ती खोकं तिथेच सोडून परत गेली. फरशी धुवायच्या क्लोरिनचा पाच लिटरचा डबा उचलला, थंड खोलीत नेला आणि चाळीस किलोंवर पालथा केला.

झोर्का दारात थिजून उभी. "तू वेडी झालीस का गं? तो तुझ्या पगारातून कापेल."

"कापू दे. पगार घ्यायला मी येणारच नाही."

तिने एप्रन खुंटीला लावला आणि बाहेर पडली. थेट अन्न तपासणीच्या कचेरीत गेली. तिथल्या तरुण निरीक्षक बाईने सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "हे तुम्हाला आधी कधी जाणवलं नाही?"

"नाही. मी ओढायचे."

बाईने पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि तेही लिहिलं.

निरीक्षक त्याच दुपारी गेले. क्लोरिन ओतलेलं मांस कचऱ्यात होतं, पण शीतपेटीत आधीचं तसलंच मांस बरंच सापडलं. भटारखान्याला तीन आठवडे कुलूप आणि दंड. नंतर तो पुन्हा उघडला, आता ताजं मांस येतं म्हणतात.

खात्यावर एक लाख आठ हजार जमले होते. ते दातांना गेले नाहीत. जुलै, ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर त्यावर घर चाललं, आणि स्तामेंकाला पहिलंच मिळेल ते काम धरावं लागलं नाही. दोन ठिकाणी ती स्वयंपाकघरात पाऊल टाकून, एक श्वास घेऊन, नमस्कार करून परत फिरली. तिसऱ्या ठिकाणी, पुलापलीकडच्या एका बेकरीत, पिठाचा आणि यीस्टचा स्वच्छ वास होता. तिथे ती राहिली. पगार थोडा कमी. हलणारे दात तिने जीभ लावून सांभाळले.

"तो गुलाश मला आवडायचा," रातोमिर एकदा बाल्कनीतून म्हणाला. मग सिगारेट विझवून त्याने विचारलं, "दर वेळी तसलंच असायचं का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं, आणि तेच तिला छळायचं.

ऑक्टोबरात झोर्का घरी आली. तीन आठवड्यांचा पगार बुडाल्याचा राग अजून तिच्या चेहऱ्यावर होता. स्तामेंकाने कॉफी ठेवली. झोर्काने सवयीने सिगारेट काढली.

"इथे नको, झोर्का."

"बरं बाई." तिने ती कानामागे खोचली. "एक सांगू? आम्हाला वास येत नव्हता तोवर आम्ही सुखात होतो. खाणारे सुखात, शिजवणारे सुखात. तू एकटीच शहाणी झालीस आणि माझ्या धाकटीची शाळेची सहल राहिली."

"सहलीचे किती होते?"

"तू देणार आहेस? तुझे दात अजून तसेच आहेत." झोर्का खिन्नपणे हसली. कॉफी अर्धी टाकून ती उठली, आणि दारात थांबून हळूच म्हणाली, "माझ्या मुलींनाही नेत होते गं मी तो डबा."

स्तामेंकाला तिचा हात धरावासा वाटला. पण झोर्काच्या बोटांतून, बाह्यांतून, केसांतून तो जुना धुराचा वास येत होता, तिचा स्वतःचाच वाटावा असा. हात अर्ध्यावरच राहिला. झोर्काला तो दिसला असावा. ती मान फिरवून जिना उतरली.

स्तामेंकाने झोर्काचा कप धुतला. खिडकी उघडली. मग तोच कप पुन्हा एकदा गरम पाण्याने धुतला, आणि स्वतःची लाज वाटून बराच वेळ नळाशी उभी राहिली.