काटे नसलेलं झाड

“रंगाचं कौतुक पुरे, आधी देठ बघा देठ!” असं देठबाई पहिल्या बाकावरच्या मुलाला दरडावत होत्या, तेवढ्यात ऑफिसातले कारकून धापा टाकत वर्गाच्या दारात आले.

“बाई, फोन! तुमच्या मुलाचा आहे. दवाखान्यातून बोलतोय.”

देठबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कॉलेजात पहिल्या वर्षाला त्या वनस्पतींचं वर्णन कसं करायचं ते शिकवत: पान कसं, फूल कुठून निघतं, फळ कशावर बसलंय. पोरांच्या हाती फांदी दिली की पोरं फुलाचा रंग सांगून मोकळी होत, आणि बाई देठावरून त्यांची बिनपाण्याने करत. त्यातून नाव पडलं. बाईंना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

एरवी दोनदा कठड्याला टेकून उतरायचा जिना त्या आज धावतच उतरल्या.

“आई, छकुलीनं कसली तरी फळं खाल्लीत गं!” मुलाचा आवाज चिरकत होता. “मागच्या कुंपणाजवळची. काळी, गोल. मी फांदी तोडून आणलीय. डॉक्टर म्हणतात, झाड कोणतं ते कळलं तर बरं. नाहीतर नळी घालून पोट धुवायचं म्हणतायत.”

त्यांची नात छकुली चार वर्षांची, त्यात दम्याची. साधी सर्दी झाली तरी तिची छाती भात्यासारखी वर-खाली व्हायची. तिच्या घशात नळी घालायची कल्पनाच त्यांना सोसेना.

“पानं एकांतर आहेत की सन्मुख?”

“आई, माणसांच्या भाषेत बोल!”

“अरे, एकाआड एक आहेत की समोरासमोर?”

“एकाआड एक.”

“चीक येतो का तोडल्यावर?”

“नाही.”

“आता नीट ऐक. फळं किती आहेत? घोसात आहेत की एकेकटी?”

“एकच आहे.”

बाईंनी कारकुनाच्या टेबलाची कड घट्ट धरली. अशी काळी गोल फळं येणारी दोन झाडं त्यांना चांगली ठाऊक होती. एकाला घोस येतात, आणि त्याची पिकलेली फळं पोरं मजेत खातात. दुसऱ्याला पानापाशी एकेकटं फळ येतं, आणि ते झाड जिवावर बेततं.

“किती मोठं आहे?”

“सुपारीएवढं. नाही, नाही, लहान. वाटाण्याएवढं असेल.”

याला माप म्हणून कधी धड सांगता आलं नव्हतं. लहानपणी बाई त्याला कुंडीतल्या झाडाचं वर्णन करायला बसवत, तेव्हाही तो भलतंच काहीतरी ठोकून द्यायचा आणि पळायचा. मोठा होऊन त्यानं टायरचं दुकान टाकलं आणि आईच्या झाडझाडोऱ्यातून सुटलो म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

“डॉक्टरांना सांग,” बाई म्हणाल्या. आवाज आपला नाहीच असं त्यांना वाटलं. “विषारी आहे म्हणावं. धुवा पोट.”

पलीकडे धावपळ सुरू झाली. भांड्यांचा खणखणाट, कुणीतरी “धरा तिला” म्हणालं, आणि छकुलीनं जे भोकाड पसरलं ते इकडे कारकुनालाही ऐकू आलं.

“आई, मला फांदी पण धरवत नाहीये,” मुलगा रडकुंडीला आला होता. “त्यात हे काटे टोचतायत.”

“काटे?” बाई एकदम ताठ झाल्या. “कुठले काटे?”

“आहेत बारके बारके. हे फळ आहे ना, त्याच्या शेजारी.”

“अरे, या झाडाला काटे नसतात! दोन्ही झाडांना नसतात! नीट बघ. कुठून निघालेत?”

“थांब, बघतो. फळाची काडी जिथून निघते ना, तिथूनच. सगळे एकाच जागेवरून. छत्रीच्या काड्यांसारखे. चार, पाच.”

“ते देठ आहेत!” बाई इतक्या जोरात ओरडल्या की कारकुनाच्या हातातला चहा सांडला. “रिकामे देठ! त्यांवरची फळं तिनं खाल्ली! घोस होता तो, घोस! नळी थांबव! आधी नळी थांबव!”

“अहो डॉक्टर, थांबा! आई नाही म्हणतेय!”

“आता सांग, हा घोस पानाच्या बगलेतून निघालाय की दोन पानांच्या मधून?”

“मधून. पान लांब आहे त्याच्यापासून.”

“फळाखाली हिरवी पाकळीसारखी चांदणी आहे? फळाच्या बाहेर पसरलेली?”

“नाही गं. एवढीशी टोपी आहे नुसती. मागे दुमडलेली.”

“तिची जीभ बघ.”

“जांभळी झालीय. हातपण.”

म्हणजे पिकलेलीच होती. बाईंना हसू आलं. इतक्यात डॉक्टर फोनवर आल्या.

“बाई, आत्ता तुम्ही विषारी म्हणालात, आता नाही म्हणताय. माझ्या हातात नळी आहे. नक्की सांगा.”

तीस वर्षांत बाईंनी झाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, फूल चिरल्याशिवाय ‘नक्की’ हा शब्द उच्चारला नव्हता. आज फूल नव्हतं, झाड नव्हतं, होता फक्त टायरवाल्या मुलाचा शब्द. तो त्यांनी मनात पुन्हा एकदा तपासला. छत्रीच्या काड्यांसारखे, म्हणाला होता. हे काही कुणाला भीतीपोटी सुचत नाही. हे त्यानं पाहिलं होतं.

“नक्की,” त्या म्हणाल्या. “मघाशी माझी चूक झाली. आता नक्की.”

डॉक्टर म्हणाल्या, “तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या व्यवस्थित आहेत, नाडीही. ठीक आहे, नळी नको. पण संध्याकाळपर्यंत इथंच ठेवते मी.”

“ठेवा, ठेवा. हवं तर उद्यापर्यंत ठेवा.”

मग फोनवर बराच वेळ नुसती खुडबुड झाली, आणि अगदी कानाशी एक शेंबडा श्वास आला.

“आजी?”

“बोल गं बाळ.”

“बाबा रडतोय. त्यानंपण फळं खाल्ली?”

“नाही गं,” देठबाई म्हणाल्या. “नाही गं राणी, नाही खाल्ली त्यानं.”