घराण्याचा आजार

कपड्यांच्या कारखान्यात वाफेच्या इस्त्रीवर ती चौदा वर्षं उभी होती. सगळा मजला तिला थोरली म्हणायचा. मजल्यावर इस्त्र्या चाळीस, संडास एक. त्याची किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर, आणि ती दिवसातून दोनदाच मिळायची. तिसऱ्यांदा मागितली की तो विचारी, "काय गं, घरून नदी पिऊन आलीस का?" मग बायकांनी उपाय काढला: पाणीच प्यायचं नाही. ओठ ओले करायचे, बस्स. कंबर धरली तर टेबलावरच्या बरणीतली दुखण्याची गोळी घ्यायची. गोळ्या मात्र मागाल तितक्या. उदारपणात कारखाना कधी कमी पडला नाही.

थोरलीच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि पाणी मोजून, दिवसाला अर्धा लिटर."

"एवढं? चैनच झाली म्हणायची," थोरली म्हणाली.

फुकट डायलिसिसला कारखान्याचा दाखला लागे. सुपरवायझरकडे तो छापूनच ठेवलेला होता, नाव तेवढं भरायचं. आजार घराण्यातला आहे, कामाशी संबंध नाही, खाली सही.

"माझी आई ऐंशी वर्षांची होऊन गेली. तिला साधा मुतखडा नव्हता."

"मग आजीचा असेल. करा सही, मावशी." एरवी अगं-तुगं करणारा आज अहो-जाहोवर आला होता. "नाहीतर खाट दुसऱ्याला जाईल."

सोबत आलेल्या लेकीने कोपर मारलं. "आई, कर गं. जीव राहिला तर भांडू."

थोरलीने सही केली.

पहिल्या दिवशी सुया टोचून झाल्यावर तिने मान वळवली. शेजारच्या खाटेवर कारखान्यातली, खिडकीजवळच्या इस्त्रीवरची ठेंगणी. ती गावी गेली, असं सुपरवायझरने सांगितलं होतं. तिच्यापलीकडे आणखी तिघी, सगळ्या त्याच मजल्यावरच्या.

"तुझा कुणाकडून आला गं?" थोरलीने विचारलं.

"काकाकडून," ठेंगणी म्हणाली. "मला काका नाहीच."

तेवढ्यात तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आला. "नात्यात आणखी कुणाला किडनीचा त्रास?"

लेक डोळ्यांनी नको नको म्हणत होती. दाखला खोटा ठरला तर खाट जाणार, हे थोरलीलाही ठाऊक होतं.

"आहे ना," ती म्हणाली. "या चौघी माझ्या सख्ख्या बहिणी. आईबाप तेवढे वेगळे. आणि पस्तीस जणी अजून कारखान्यात इस्त्रीवर उभ्या आहेत, तहानलेल्या. त्याही घरच्याच. लिहा की डॉक्टर. पेन का थांबलं?"