दात काढणारे आजोबा

वृद्धाश्रमात फोन केला की तिथली मावशी ठरलेलं सांगायची, "आजोबा एकदम मजेत. दिवसभर दात काढत असतात!"

मला बरं वाटायचं. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या बाबांची वाचा गेली होती. निदान हसतात तरी.

मग लेकीला, ढब्बूला घेऊन भेटायला गेले. तिला दात येत होते. झबलं लाळेनं ओलं, मूठ तोंडात, घास पुढे केला की मान फिरवायची. बाबा खिडकीशी बसलेले. त्यांचाही सदरा छातीवर ओला, मूठ डाव्या गालावर, पुढ्यात निवलेली पेज. मला पाहताच त्यांनी ओठ मागे ओढले. ज्यांनी अक्रोड फोडायचे ते सगळे दात दिसले.

"बघा, काढले!" मावशी खिदळली. "लेक आली ना!"

डोळे हसत नव्हते. जवळ गेले तर तोंडाला कुजका वास. मागची एक दाढ काळी, हिरडी टम्म. बाबा हसत नव्हते, दाखवत होते.

मी तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. "बाबांना आजच डेंटिस्टकडे न्यायला हवं."

"अहो, डॉक्टर इथेच येतात. चार-सहा तोंडं जमली की बोलावतो."

"मग मी नेते."

"भावाला विचारा. आणून त्यांनी ठेवलंय."

दादाला फोन लावला.

"तुझं आपलं काहीतरीच," तो म्हणाला. "पोर शिंकली तरी तू दवाखाना गाठतेस. हसतात म्हणे ते!"

"दादा, पू झालाय."

"बरं बाई. सांगतो त्यांना, काय तो एकदाच निकाल लावा. पुन्हा कटकट नको."

नंतर गेले तेव्हा बाबांचे गाल आत गेले होते.

"एकच दाढ किडली होती हो," मावशी उशी थोपटत म्हणाली. "पण तुमचे दादाच म्हणाले ना, पुन्हा कटकट नको. सगळेच उपटले. आमचंही घासायचं काम वाचलं."

बाबांनी मला पाहिलं. ओठ मागे ओढले. नुसत्या हिरड्या, डाव्या बाजूला अजून टम्म. मूठही गालावर तिथेच.

"खोड बघा मेली," मावशी कौतुकानं म्हणाली, "दात गेले, तरी दात काढतातच!"