दहा देशांचा शर्ट

आशियातल्या दहा देशांच्या कपडे कारखानदारांनी ठरवलं, आता एकमेकांशी भांडायचं नाही, सगळ्यांनी मिळून एक शर्ट काढायचा. नॉम पेनच्या हॉटेलात सभा भरली. कारखानदारांच्या दहा संघटनांच्या अध्यक्षांनी मशीनवर बसून एकेक तुकडा स्वतः जोडला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. जन्मात सुईत दोरा न ओवलेली माणसं ती! डावी बाही चार बोटं आखूड झाली, खिसा पार पोटावर आला. त्याच शर्टाला दहा सह्यांचं सील लागलं आणि नमुना म्हणून तो आमच्या कारखान्यात आला. असे तीन हजार शिवायचे होते.

मी तपासणी खात्याची प्रमुख. आमच्या धंद्यात सीलबंद नमुना म्हणजे देव, शिवणारीनं डोकं चालवायचं नाही. तरी मी मॅनेजर विचेतसाहेबांकडे गेले.

"साहेब, बाही आखूड आहे हो."

"कोणत्या देशानं जोडलेली?"

"ते मला काय ठाऊक?"

"मग कोणत्या अध्यक्षाला सांगू, की तुम्हाला बाही जोडता येत नाही? गप शिवा. एकजूट मोडायचीय का तुला?"

शिवले बापडे. वाकडं शिवायला सरळपेक्षा दुप्पट वेळ लागतो, हे तेव्हा कळलं.

माझी धाकटी बहीण राक्समी सातव्या लाइनवर, तीन महिन्यांच्या करारावर. पोरीला सहावा महिना लागलेला. शनिवारी करार वाढला, तरच बाळंतपणाची रजा मिळणार होती.

"नमुन्याबरहुकूम शिव गं बाई," मी रोज बजावायचे.

"बाँग," ती म्हणायची; आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाँग म्हणतात. "हातच वळत नाही. लाज वाटते असं शिवायला."

"लाजेनं पोट भरतं का, भवाने?"

शुक्रवारी दहा देशांच्या संघटनांनी पाठवलेला तपासनीस आला. पोटावरचा खिसा बघून खूश झाला. मग एका गठ्ठ्यापाशी थांबला. चाळीस शर्ट, दोन्ही बाह्या सारख्या, खिसा छातीवर, कॉलर अशी बसलेली की बघत राहावं.

"हा माल सदोष आहे," तो म्हणाला. "कुणी शिवला?"

चिठ्ठीवर राक्समीचा नंबर होता. विचेतसाहेबांनी कामावरून काढायचा कागद माझ्यापुढे सरकवला. काढण्याचं कारण तपासणी प्रमुखानं लिहायचं असतं.

"साहेब, सख्खी बहीण आहे हो माझी."

"दहा देशांनी सह्या केल्या. तुला एक जड जाते?"

राक्समी दारातच उभी होती. "कर गं बाँग," ती म्हणाली. "तुझी तरी नोकरी राहू दे."

मी पेन उचललं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हिला शर्ट शिवता येत नाही', आणि खाली सही केली. तिला शर्ट शिवायला मीच शिकवलं होतं.