उस्मानपुऱ्याचा थांबा

“आज आपली बस इथं थांबत नाय म्हणतंय,” सोमनाथ मोबाइल माझ्यापुढं धरत म्हणाला. आम्ही दोघं वाळूजला एकाच कारखान्यात, दुसऱ्या पाळीला. शिफ्ट बसच्या ॲपमधून उस्मानपुऱ्याचा थांबा चक्क गायब झाला होता. काहीजण शिव्या घालत पुढच्या थांब्याकडं चालायलाही लागले होते.

“कुण्या येड्यानं बनवलंय हे?” सोमनाथ करवादला.

मी खिशातून माझा मोबाइल काढला. ते ॲप जी छोटी कंपनी बनवते, तिथंच माझी बायको मंजुषा नोकरीला आहे.

लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि मंजुषानं कोडिंगचा क्लास लावला. नोकरी लागली, पण कच्ची. कायम करायचं की नाही, ते येत्या सोमवारी ठरणार होतं. सुरुवातीला तिच्या कॉम्प्युटरवर ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘खरं फायनल’ अशा फायलींची जत्रा भरलेली असायची. गोकुळ सरांनी, म्हणजे लेकीहून थोड्याच मोठ्या असलेल्या तिच्या साहेबांनी, ती सवय मोडून तिला गिट नावाचं सॉफ्टवेअर शिकवलं. केलेला प्रत्येक बदल आपल्या नावानिशी नोंदवायचा, काय केलं ते सोबत लिहायचं. बिघडलंच तर आधीचं जसंच्या तसं परत आणता येतं.

तिचा पहिला प्रश्न होता, “चुकलेलं पुसता येतं ना?”

ही बाई थापताना चिरलेली भाकरी कुणाच्या ताटात पडू देत नाही. आपल्या भाकरीखाली लपवून स्वतःच खाते. ती नावानिशी चूक मांडून ठेवणार, हे माझ्याही गळी उतरत नव्हतं. सगळं बिनचूक झाल्याशिवाय ती काही नोंदवायचीच नाही आणि त्यावरून बोलणी खायची.

मी फोन लावला. “मंजुषा, आमचा थांबा गेलाय गं.”

“फोन चालू ठेवा जरा.” मग तिचाच आवाज, पण दुसऱ्याशी बोलताना. “सर, उस्मानपुरा गेलाय. माझ्याकडूनच. सकाळी चिकलठाण्याचा थांबा घातला, तेव्हा.”

सोमवार तोंडावर आणि ही आपल्याच तोंडानं सांगून मोकळी.

“सरका ताई, मी करतो,” गोकुळ सर म्हणाले.

“मला येतं सर. सकाळचा बदल आधी मागं घेते. चिकलठाणा मग नीट घालते.”

बटणांचा आवाज येत राहिला. इकडं सोमनाथ म्हणाला, “आला बघ,” आणि पुढं गेलेल्यांना हाका मारायला लागला. बस आली, सगळे चढले.

“फोन कुणाला केलतास रे?” त्यानं विचारलं.

“बायकोला. ते ॲप तिच्याकडंच हाय.”

“मग बिघडवलं कुणी?”

“तिनंच. अन् दुरुस्तबी तिनंच केलं.”

मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असंच म्हणालो. छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू?

रविवारी तिनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. एकाखाली एक दोन नोंदी बोटानं दाखवल्या, दोन्हींवर नाव मंजुषा राजेंद्र दाभाडे. खालची त्या सकाळच्या चिकलठाण्याच्या थांब्याची. वरच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘माझ्या बदलामुळे उस्मानपुऱ्याचा थांबा गेला होता. तो बदल मागे घेतला.’

“गोकुळ सर म्हणले, ताई, सोमवारी मोठे साहेब बघतील. दोन्ही नोंदी काढून टाकता येतात, शिकवू का?”

“मग?”

“म्हणलं, राहू द्या. झालं तसं दिसू द्या.”

उद्याची धास्ती तिच्यापेक्षा मलाच जास्त होती. जेवायला बसलो. पहिलीच भाकरी तिच्या हातून चिरली. तिनं ती तव्यावर टाकली, नीट भाजली, माझ्या ताटात वाढली आणि दुसरी थापायला घेतली.